हॅवलॉकवरचं लग्न: घड्याळ आपलं, सूर्य अंदमानचा

अंदमानात लग्नाचे फोटो काढायला जाणाऱ्याने सगळ्यात आधी सूर्यास्ताची वेळ बघावी. लेन्स, बॅग, विमानाचं तिकीट हे सगळं नंतर. आपल्या देशाचं घड्याळ एकच आणि ते ८२.५ अंश रेखांशावर लावलेलं. पुणं त्याच्या पश्चिमेला ७४ अंशांजवळ, अंदमानातलं हॅवलॉक बेट पूर्वेला ९३ च्या आसपास. त्यामुळे फेब्रुवारीच्या मध्यात पुण्यात साडेसहाच्या सुमारास मावळणारा सूर्य हॅवलॉकला साडेपाचच्या आतच बुडतो. डिसेंबरात तर पाचलाच खेळ आटोपतो. आणि विषुववृत्ताच्या इतक्या जवळ सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, त्यामुळे संधिप्रकाशही फार रेंगाळत नाही. वीस-पंचवीस मिनिटांत काळोख.

मी ज्या लग्नाला गेलो ते पुण्याकडची मुलगी आणि नाशिकचा मुलगा असं होतं, फेब्रुवारीतलं. घरच्यांनी गोरज मुहूर्त धरला होता, घरातल्या पंचांगात बघून, संध्याकाळी साडेसहाचा. गोरज म्हणजे त्या त्या गावच्या सूर्यास्ताचा मुहूर्त. हॅवलॉकला साडेसहाला मंगलाष्टकं म्हणायची तर हॅलोजन लावूनच म्हणावी लागली असती. गुरुजींना फोन केला. त्यांनी एका वाक्यात विषय संपवला, "स्थळाचे अक्षांश-रेखांश पाठवा, नवीन वेळ काढून देतो." त्यांनी दोन मुहूर्त दिले: स्थानिक गोरज आणि सकाळी पावणेआठचा. खरी अडचण पुढे होती, दिशेची.

मुलीच्या आईला समुद्रात बुडणारा सूर्य हवाच होता.

"काकू, तुमच्या हॉटेलच्या किनाऱ्यावर सूर्य समुद्रातून उगवतो. मावळतो तो मागच्या माडांमध्ये."

"मग तो मला पाठवलेला फोटो?"

"तो राधानगरचा. बेटाच्या दुसऱ्या अंगाला आहे."

थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग आतल्या खोलीत हाक गेली, "अहो, ऐकलंत का!"

बेटाचा नकाशा डोक्यात बसला की निम्मं काम झालं. हॅवलॉकचं अधिकृत नाव २०१८ पासून स्वराज द्वीप आहे आणि पोर्ट ब्लेअरचं २०२४ पासून श्री विजयपुरम. तिकिटांवर यातलं कुठलंही नाव दिसू शकतं, वऱ्हाडातल्या ज्येष्ठांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर जेट्टीवर गोंधळ होतो. किनाऱ्यांना नंबर आहेत आणि रिक्षावाले ते नंबरच बोलतात. ३ नंबर गोविंदनगर, ५ नंबर विजयनगर, ७ नंबर राधानगर. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना वसवलेली ही गावं, म्हणून अशी नावं. जेट्टी बेटाच्या उत्तर टोकाशी, बरीचशी हॉटेलं पूर्वेला, ३ आणि ५ नंबरवर. राधानगर पश्चिमेला, जेट्टीपासून दहा-बारा किलोमीटर. म्हणजे सकाळ पूर्वेला काढायची, संध्याकाळ राधानगरला. याउलट कराल तर राधानगरला सकाळी झाडांची गर्द सावली मिळेल, कारण तिथे किनाऱ्याला लागूनच समुद्री महुव्याचे प्रचंड वृक्ष आहेत, आणि पूर्वेला संध्याकाळी माडांची. पूर्वेच्या त्या संध्याकाळच्या सावलीला नाकं मुरडू नका. चारच्या सुमाराला वाळूवर मऊ, एकसारखा उजेड असतो आणि मागचं पाणी मात्र उन्हात चमकत असतं. आजी-आजोबांसकट सगळ्या घरादाराचा ग्रुप फोटो मी तेव्हाच उरकला. कोणाच्याही डोळ्यांत ऊन नाही, कोणाच्याही चष्म्यावर चकाकी नाही.

सूर्यानंतरचा दुसरा मालक म्हणजे भरती-ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पाणी दोनेक मीटर चढतं-उतरतं. ऐकायला हे काही फार वाटत नाही, पण पूर्वेचा किनारा इतका उथळ आहे की ओहोटीला समुद्र पार लांब जातो आणि त्याजागी उरतात मेलेली प्रवाळं, खडक, चिखल. निळ्या पाण्यापुढे मांडव घातलाय म्हणावं तर मागे राखाडी मैदान. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, तो हिशोब इथे तसाच लावू नका. तो आपल्या किनाऱ्यावरच्या बंदरांचा आहे. सर्व्हे ऑफ इंडियाच्या तक्त्यांत पोर्ट ब्लेअरच्या वेळा असतात, त्या घ्या आणि हॉटेलच्या माळ्याला विचारून ताडून पाहा. त्याला रोजचं पाणी माहीत असतं. वेळ दररोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे हळदीच्या दिवशी ज्या वेळेला पाणी पायरीशी होतं, त्याच वेळेला लग्नाच्या दिवशीही असेल असं धरू नये. लग्नाची तारीख अजून ठरायची असेल तर मी सरळ सांगतो: अष्टमीच्या आसपासची धरा, तेव्हा चढ-उतार कमी असतो. हे ऐकून एखादं घर तारीख बदलेल असं नाही, पण सजावटवाला मांडव दहा पावलं मागे घेतो, तेवढंही पुरतं.

शेवटी सकाळचा मुहूर्त ठरला. पुण्याच्या माणसाला पावणेआठ म्हणजे पहाट वाटते. पण तिथे पावणेसहाच्या आत उजाडलेलं असतं, सूर्य दोन तास वर आलेला असतो. मुलगी मात्र तीन वाजता उठून मेकअपला बसली. पार्लरवालीला हे आधीच सांगा, ऐनवेळी रुसवे नकोत.

गुरुजींनी दोघांना पूर्व-पश्चिम उभं केलं. मुलगा समुद्राकडे पाठ करून, मुलगी समुद्राकडे तोंड करून. याचा अर्थ एकाच्या पाठीवर ऊन आणि दुसरीच्या तोंडावर. आपल्याकडे हॉलमध्ये कधी लक्षात न येणारी ही गोष्ट किनाऱ्यावर सगळा फोटो ठरवते. मधे अंतरपाट होता तोवर सगळं माझ्या पथ्यावर पडलं. पांढरं कापड, त्यावर कुंकवाचं स्वस्तिक, आणि पलीकडून येणाऱ्या उन्हाने मुलाची सावली कापडावर उमटलेली: फेट्याचा तुरा, दोन्ही गालांवरून लोंबणाऱ्या मुंडावळ्या, हातातला हार, सगळं स्वच्छ. मुलीच्या खांद्यामागून ३५ एमएमच्या लेन्सने ते घेतलं. अख्ख्या लग्नातला माझ्या मते तोच फोटो. तिला स्वतःला ती सावली दिसत होती आणि ती खाली बघायचं सोडून तिच्याकडेच बघत होती.

पण वारा! अंतरपाट धरणारे दोघे मामा दोन्ही हातांनी तो ओढून धरत होते आणि तरी तिसऱ्या मंगलाष्टकाला कापडाचं शीड झालं. उपाय सोपा आहे. कापडाच्या वरच्या आणि खालच्या दुमडीत एकेक बारीक काठी घालून घ्या, आदल्या दिवशी शिवून. मुंडावळ्यांना आतून केसांच्या पिना मारा. अक्षता वाऱ्याच्या दिशेने टाकायला पाहुण्यांना एका बाजूला उभं करा, नाहीतर अर्ध्या अक्षता टाकणाऱ्याच्याच तोंडावर येतात. होमाचं कुंड वाऱ्याच्या आडोशाला हवं आणि तुमची जागा धुराच्या उलट्या बाजूला.

"सावधान"ला अंतरपाट खाली आला की ऊन थेट मुलीच्या डोळ्यांत. पहिल्याच क्षणी डोळे मिटतात आणि नेमका तोच फोटो सगळ्यांना हवा असतो. फेब्रुवारीत सूर्य नेमका पूर्वेला नसतो, जरा दक्षिणेला कललेला असतो. गुरुजींना विचारून पाट दोन वीत इकडचे तिकडे केले तर मुलाच्या डोक्याची सावली मुलीच्या डोळ्यांवर पडते. आमच्या गुरुजींनी मान डोलावली, "दिशा मोडत नाही ना, मग सरकवा." विचारायचं मात्र आदल्या दिवशी, नम्रपणे आणि चहा घेताना.

पांढऱ्या वाळूबद्दल एक. ती खालून उजेड उसळवते, त्यामुळे डोळ्यांखालची काळी वर्तुळं आपोआप जातात, रिफ्लेक्टर धरायला पोऱ्या लागत नाही. पण कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर त्या पांढऱ्याला फसतं आणि सावळे चेहरे अजून काळवंडतात. एक्स्पोजर अर्धा ते पाऊण स्टॉप वर ठेवा आणि चेहऱ्यावर मीटर करा, शालूच्या जरीवर नको. आणि नंतर कॉम्प्युटरवर चेहरे गोरे करू नका. तिथल्या उजेडात सावळा रंग फार देखणा दिसतो.

राधानगरला आम्ही दुसऱ्या दिवशी गेलो, फक्त ते दोघं, मी आणि माझा मदतनीस. घरच्यांना हॉटेलवर ठेवलं हे मुद्दाम सांगतो. मावशी-आत्यांसमोर नवरा-बायको एकमेकांकडे बघतसुद्धा नाहीत. चारला निघायचं म्हटल्यावर मुलगी म्हणाली, "दादा, चारला तर डोक्यावर ऊन असेल!" पोचल्यावर तिचं तिलाच कळलं. तिने नऊवारी नेसली होती, पुन्हा हौसेने, आणि पाण्यात चालायला काष्ट्यासारखं दुसरं काही नाही. गोल साडी ओली झाली की पायात घोटाळते. त्यांना पोझ दिली नाही. एवढंच सांगितलं की त्या टोकापर्यंत जा, मुलाला काल जेवताना मामांनी काय ऐकवलं ते तुला सांगू दे, आणि परत या. लांबून ८५ आणि ७०-२०० एमएमच्या लेन्सने काढत राहिलो. सूर्य पाण्याला टेकायच्या आधीची चाळीस मिनिटं कामाची. तो बुडाला की शिट्ट्या वाजायला लागतात आणि लोकांना किनाऱ्यावरून बाहेर काढतात, तेव्हा "अजून पाच मिनिटं" हा हिशोब धरू नका. किनारा सार्वजनिक आहे, गर्दी असते. उजव्या हाताला चालत गेलात की माणसं कमी होतात.

पण त्याच बाजूला पुढे नील्स कोव्ह आहे. शांत, काचेसारखं पाणी, फोटोग्राफरला मोह पडेल असंच. २०१० मध्ये तिथे मगरीने एका पर्यटक महिलेचा जीव घेतला. खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, पाट्या लावलेल्या असतात. खाडीच्या तोंडाशी आणि खारफुटीजवळ जोडप्याला गुडघाभर पाण्यातसुद्धा उतरवू नका, कोणी कितीही "काही होत नाही" म्हणालं तरी.

त्यापेक्षा बारीक पण हमखास त्रास म्हणजे वाळूतल्या माश्या. डोळ्यांना दिसत नाहीत, चावलेलं तेव्हा कळत नाही, दुसऱ्या दिवशी पोटऱ्यांवर लाल गांध्या उठतात. मेंदीच्या संध्याकाळी नवरीला वाळूवर बसवायची कल्पना कोणी काढली तर हाणून पाडा. खोबरेल तेल चोपडलं की बरंच भागतं.

शंख, शिंपले, प्रवाळाचे तुकडे उचलून अंगठ्यांच्या फोटोसाठी मांडायचे तर जिथले तिथे मांडा आणि तिथेच सोडा. प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे, मेलेलं असलं तरी, आणि विमानतळावर बॅगा तपासतात. ड्रोनचंही तसंच. परवानगीशिवाय उडवायचा नाही, आणि हा सगळा टापू संरक्षणाच्या दृष्टीने नाजूक असल्याने परवानगी सहज मिळेल असं समजू नका. मी ड्रोन नेलाच नाही. व्यावसायिक शूटिंगला कोणाकोणाची परवानगी लागेल हे हॉटेलकडून आधीच लेखी घ्या, तोंडी "हो जाएगा"वर जाऊ नका.

सामानातलं सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एसीची सवय मोडा. गार खोलीतून कॅमेरा बाहेर आणला की लेन्सला आतून-बाहेरून घाम फुटतो आणि पुढची वीस मिनिटं फक्त धुकं. मी बॅग रात्री बाथरूममध्ये ठेवायचो, एसीची हवा जात नाही तिथे, आणि बाहेर पडायच्या तासभर आधी व्हरांड्यात. दोन कॅमेरा-बॉड्यांवर दोन लेन्स चढवून ठेवल्या की वाळूवर लेन्स बदलावी लागत नाही. रोज रात्री जरा ओल्या फडक्याने खार पुसायचा, मग कोरड्याने. बॅटऱ्या हँडबॅगेत, आणि १०० वॉट-अवरच्या वरची असेल तर विमान कंपनीला आधी विचारून. चेन्नईहून समुद्राखालची केबल २०२० मध्ये हॅवलॉकपर्यंत आली आणि इंटरनेट सुधारलं, तरी रॉ फायली, म्हणजे कॅमेऱ्यातल्या मूळ अवजड फायली, तिथून चढवायच्या भानगडीत पडू नका. दोन एसएसडी, दोन वेगळ्या माणसांच्या बॅगांत.

आणि परतीचं. पोर्ट ब्लेअरची बोट वेगवान असेल तर साधारण दीड तास, सरकारी असेल तर जास्त. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात, फेब्रुवारीतही नेम नसतो. त्यामुळे सकाळची बोट आणि दुपारचं विमान असं तिकीट कधीही काढायचं नाही, मधे पोर्ट ब्लेअरचा एक मुक्काम ठेवायचाच. आमच्या वऱ्हाडाने त्या मुक्कामात सेल्युलर जेल बघितलं, सावरकरांच्या कोठडीपुढे हात जोडले. तिथे जोडप्याचे दोन फोटो काढ असा एका काकांचा आग्रह होता. मी काढले नाहीत. सगळ्या घराचा एक साधा फोटो अंगणातल्या पिंपळाखाली काढला आणि कॅमेरा बॅगेत घातला. विमानतळाला नौदलाचा तळ लागून आहे, तिथे तर तो बॅगेतच ठेवायचा.