चार अब्जांच्या शेजारणी

परवा दुपारी संगणकावर फायली इकडून तिकडे हलवत होते. काम संपल्यावर खिडकीत आलं, ‘शिल्लक फायली : ४२९४९६७२९५’. शून्यातून आणखी एक वजा झाला की संगणक कधीकधी असा उलटा फिरून थेट शिखरावर जाऊन बसतो. शहाण्या माणसानं खिडकी बंद केली असती. मला मात्र लांबलचक आकडा दिसला की त्याच्या अंकांची बेरीज केल्याशिवाय चैन पडत नाही. घरच्यांनी विचारणं सोडून दिलंय. बेरीज सत्तावन्न, म्हणजे तीननं भाग जातो. शेवटी पाच आहेच.

फोडत गेलं की निघतात ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७. पाचही मूळ संख्या. लहानपणी वहीच्या मागच्या पानावर दोनाची दुप्पट, त्या दुप्पटीची दुप्पट असं करत खाली उतरायचा मला नाद होता. ६५५३६ आलं की ओळखीचं माणूस भेटल्यासारखं वाटायचं. त्यात एक मिळवून बघावं हे काही सुचलं नाही. फर्मा या फ्रेंच गणितज्ञाला सुचलं होतं. २, ४, १६, २५६, ६५५३६, दर वेळी आधीच्या संख्येचा वर्ग, आणि प्रत्येकात एक मिळवला की मूळ संख्या. ही साखळी पुढेही अशीच चालेल, असं त्याला १६४० च्या सुमारास वाटलं.

साखळीतली पुढची संख्या ४२९४९६७२९७, म्हणजे माझ्या खिडकीतल्या आकड्याची एक घर सोडून शेजारीण. ऑयलर या गणितज्ञानं १७३२ मध्ये दाखवलं की तिला ६४१ नं भाग जातो. हा भागाकार एकदा कागदावर करून बघावाच. ४२९४ ला सहाचा भाग, बाकी ४४८. वरून ९ उतरवला, ४४८९. साताचा भाग गेला, बाकी जेमतेम दोन. मग दोन शून्यं, पुढे चार, पुढे एक, आणि पुन्हा बाकी ४४८! आता वरून ७ उतरतो : ४४८७. सहाशे एक्केचाळीस साते बरोब्बर तेवढेच. मघाशी दोनानं हुकलेलं इथे जुळतं. हे दोन कुठून येतात ते शोधायचा प्रयत्न मी करत नाही, मजा जाते.

खिडकीतल्या आकड्याचं राहिलंच. नुसती पट्टी आणि कंपास घेऊन तितक्या बाजूंची सुसम बहुभुजाकृती काढता येते. विषम बाजूंच्या, अशा काढता येणाऱ्या ज्ञात आकृत्यांत ही सगळ्यांत मोठी. हेर्मेस नावाच्या जर्मन गृहस्थांनी ६५५३७ बाजूंच्या आकृतीची कृती लिहिण्यात दहा वर्षं घातली. आपली आकृती विषुववृत्ताएवढी काढली तरी एक बाजू सेंटीमीटरभरही भरणार नाही. काढली आणि शेवटचा बिंदू पहिल्याला मिळाला नाही, तर चूक नेमकी कुठे झाली ते शोधायचं कुणी?