दुसऱ्या महिन्याचं पाकीट आधी घेऊ नका

सहा वर्षांनी कॅन्सर परत आला, या वेळी हाडांत. मूळ स्तनाचाच, हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह, म्हणजे शरीरातल्या हार्मोनवर वाढणारा. ज्यांच्या पॅल्बोसिक्लिबच्या कॅप्सूल आणि फुल्व्हेस्ट्रंटची इंजेक्शनं सुरू होणार आहेत त्यांच्यासाठी हे लिहितेय. बायोप्सी, पेट स्कॅन तुमचं करून झालंय असं धरते.

सेकंड ओपिनियनसाठी इंदूरहून अवंतिकाने मुंबईला, परळला जाऊन आलो. ते सोपं गेलं. कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण सवलत असते, सोबतच्याला ७५ टक्के. फॉर्म हॉस्पिटलकडून भरून घ्यायचा, तिकीट खिडकीवर काढायचं. तत्काळमध्ये सवलत नाही, म्हणून तारीख मिळाली की त्याच दिवशी रिझर्व्हेशन करा. परळलाही हेच औषध सांगितलं, म्हणून उपचार इंदूरलाच घ्यायचं ठरवलं.

"केमो नाही, नुसत्या गोळ्या, काही त्रास नाही," असं मला सगळ्यांनी सांगितलं होतं. माझे केस गेले नाहीत, तेवढं खरं. पण इंजेक्शनबद्दल कोणी अवाक्षर काढलं नव्हतं. दोन सुया, ५-५ मिलीच्या, कमरेत दोन्ही बाजूंना. औषध एरंडेल तेलात असतं, घट्ट. एका सुईला एक ते दोन मिनिटं लागायला हवीत. पहिल्या वेळी सिस्टरने भराभर ढकललं. घरी रामबागेपर्यंत रिक्षात मी वहिनीच्या खांद्याला धरून अर्धी उभीच होते, आणि तीन रात्री पालथी झोपले. पंधराव्या दिवशी मी आधीच म्हटलं, "ताई, सावकाश द्या." तिने फ्रिजमधली सिरिंज बराच वेळ तळहातांत धरली, मग हळूहळू दिलं. फरक जमीन-अस्मानाचा. मागून घ्या, लाजू नका. पहिला, पंधरावा, एकोणतिसावा दिवस, मग महिन्याला एकदा, असा क्रम असतो.

आता पाकिटाचं. कॅप्सूल २१ दिवस रोज जेवणासोबत, मग ७ दिवस सुट्टी. पहिलं पाकीट संपायच्या आत मेडिकलवाला म्हणाला, "मॅडम, अगला भी ले लो, स्कीम चल रही है." मी १२५ मिलिग्रॅमचं दुसरं पाकीट घेतलं. एकोणतिसाव्या दिवशी रक्त तपासलं तर न्यूट्रोफिल्स, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, ९००. हजाराच्या खाली असले की नवीन सायकल, म्हणजे २८ दिवसांची पुढची फेरी, सुरू करत नाहीत. आठवडाभर थांबलो, तेव्हा ९५०. डॉक्टरांनी डोस १०० केला. मेडिकलवाल्याने न उघडलेलं पाकीटही परत घेतलं नाही. बिल दाखवलं, विनवण्या केल्या. डोस १२५ वरून १०० आणि मग ७५ होणं या औषधात नेहमीचं आहे, हे त्याला ठाऊक होतं. मला नव्हतं. मला अजून राग येतो.

वर त्याने छापील किंमत लावली होती. २०२३ च्या जानेवारीत या औषधाचं पेटंट संपलं आणि भारतीय कंपन्यांच्या कॅप्सूल आल्या. भाच्याने चार ठिकाणी फोन केले, तेव्हा तेवढ्याच ताकदीचं औषध निम्म्याहून कमी किमतीत मिळालं. इतर ठिकाणी किंमत विचारल्याशिवाय हॉस्पिटलला लागून असलेल्या दुकानातून काही घेऊ नका. कंपनी बदलायची तर डॉक्टरांना सांगून. आणि रिपोर्ट हातात आल्याशिवाय पुढचं पाकीट नाहीच.

ताप १००.४ च्या वर गेला तर सकाळची वाट पाहू नका, हॉस्पिटल गाठा. मी एकदा रात्री दोनला गेले. काही निघालं नाही, तरी गेले ते बरोबरच केलं. न्यूट्रोफिल्सचा काउंट खाली असताना सराफ्यातल्या खाऊगल्लीत खाणं बंद, घरी आलेल्या सर्दीवाल्या पाहुण्यालाही दारातूनच नमस्कार.

थकवा आहे. दुपारी दोन तास झोपावंच लागतं, त्या वेळात कोणाला येऊ देत नाही.

काल १०० च्या डोसवरचा रिपोर्ट आला, न्यूट्रोफिल्स १६००. वहिनीने तो दोनदा वाचला. मंगळवारी इंजेक्शन आहे. सिस्टर तीच असावी म्हणून सकाळची वेळ घेतलीय.