मागे राहिलेली पाच अंडी

कोंबड्या मी बरीच वर्षं पाळतेय, रवणीला म्हणजे अंड्यांवर बसवणं, एकविसाव्या दिवशी पिल्लं मोजणं, हे सगळं अंगवळणी पडलेलं, त्यामुळे परसातली तपकिरी बदकीण खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसायला लागली, तेव्हा मला वाटलं की फक्त दिवस जास्त मोजायचे, 21 च्या जागी 28, बाकी सगळं तेच. तसं नसतं. त्या 28व्या दिवसाने आणि पुढच्या दीड दिवसाने मला जे शिकवलं ते आधी माहीत असतं तर एका पिल्लाचे हाल वाचले असते, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

पहिली चूक तर सुरुवातीलाच झाली. तपकिरीने खुराड्यामागच्या कोपऱ्यात पेंढ्यात घरटं केलं होतं, रोज पहाटे एक अंडं घालून वरून पेंढा ओढून निघून जायची. मी मुद्दाम उचलली नाहीत. अंडी अशी साठत राहिली तरी आतलं बी वाढायला लागत नाही, ऊब मिळाली की मगच सगळी एकदम सुरू होतात, त्यामुळे दहा-बारा दिवसांच्या फरकाने घातलेली अंडीसुद्धा एकाच वेळी फुटतात. अकरा झाली त्या रात्री ती उठलीच नाही, छातीची लव उपटून घरट्यात अंथरलेली दिसली आणि मी जवळ गेले तर अंग चपटं करून साप फुत्कारतो तसा आवाज काढला. तो पहिला दिवस धरला. पण अंड्यांवर पेन्सिलने खुणा केल्या नाहीत. कोंबडीच्या वेळी मी करते, इथे का केल्या नाहीत याचं उत्तर माझ्याकडे नाही, तिला त्रास नको असं वाटलं असेल.

झालं असं की तपकिरी दिवसातून एकदा उठायची, खायची, पाण्यात डुबकी मारून ओल्या अंगानेच परत बसायची (ते चांगलंच असतं, अंड्यांना ओलावा मिळतो), आणि तेवढ्या वेळात पांढरी बदकीण येऊन त्याच घरट्यात अंडं घालून जायची. दहाव्या दिवशी रात्री टॉर्च घेऊन बघितलं तर अकराची चौदा झालेली! एकेक अंडं टॉर्चच्या तोंडावर धरून पाहिलं. एक अगदी पारदर्शक, आत काहीच नाही, ते काढून टाकलं. दहा अंड्यांत लाल शिरांचं दाट जाळं आणि मध्ये हलणारा काळा ठिपका. आणि तिघांत नुसती कोवळ्या शिरांची चकती, म्हणजे ही पाच-सहा दिवस मागची. तेव्हा कुठे त्या तिघांवर फुल्या मारल्या. काढायला हवी होती का? जाणकार काढाच म्हणतील, मला काही काढवली नाहीत, शिरा दिसत होत्या ना.

तर 27व्या दिवशी संध्याकाळी घरट्यातून बारीक चिवचिव यायला लागली. तपकिरी एरवी मुकी, पण त्या दिवशी ती घशातल्या घशात हळू काहीतरी बोलत होती आणि खालून उत्तर येत होतं. मी तिथेच पेंढ्यावर बसून राहिले. गिल्बर्ट गॉटलीब नावाच्या शास्त्रज्ञाचे बदकांवरचे प्रयोग मी वाचले होते, की पिल्लू अंड्यात असतानाच स्वतःचा आवाज ऐकतं आणि आईची हाक नेमकी ओळखायला त्याचा उपयोग होतो, पण ते वाचणं वेगळं आणि चार फुटांवर ऐकणं वेगळं.

28व्या दिवशी सकाळी आठ पिल्लं! तिच्या पंखाखालून एकेक डोकं बाहेर येत होतं, पिवळं, काळपट, मिश्र. आई बघायला आली, म्हणाली, "आता हात घालू नकोस गं, तिचं तिला कळतं." मी लांबूनच बघितलं, पाण्याचं उथळ भांडं ठेवलं, त्यात खडे टाकले म्हणजे चोच नाकपुडीपर्यंत बुडेल पण पिल्लू बुडणार नाही, आणि कामाला लागले. चारच्या सुमारास परत आले तर घरटं रिकामं. तपकिरी आठही पिल्लं घेऊन बाहेर गवतात, आणि मागे लवेत पाच अंडी, तीन फुलीवाली आणि दोन मूळची.

आईपणात कमी नव्हती ती. चालती पिल्लं सांभाळायची की बसून राहायचं, तिने चालती निवडली, रानातली बदकीणही हेच करते. पण मला ती पाच अंडी तशी बघवेनात. उचलली, गार पडलेली. गालाला लावून बघितली. दोन मूळच्यांपैकी एकाला जाड टोकाकडे चांदणीसारखा तडा होता, टरफलाचा एक कण वर उचललेला, आणि कानाला लावलं तर आतून आवाज. खूप क्षीण, पण आवाज.

अंडी उबवायची मशीन रिकामी होती, चालू केली तरी 37.5 अंशावर स्थिर व्हायला वेळ लागतो, म्हणून तेवढा वेळ पाचही अंडी सुती कपड्यात गुंडाळून पोटाशी धरून बसले. तेवढ्यात लक्षात आलं की आता खरा पेच आहे. फुटायला आलेल्या अंड्याला आर्द्रता 70 टक्क्यांच्या वर लागते आणि झाकण अजिबात उघडायचं नसतं. मागच्या तीन अंड्यांना अजून पाच-सहा दिवस होते, त्यांना आर्द्रता 55-60 पुरते आणि दिवसातून चार-पाचदा फिरवावं लागतं. मशीन एकच. मी विचार केला, झटकन उघडायचं, तीन अंडी फिरवायची, झटकन बंद.

हीच ती दुसरी चूक, आणि मोठी. रात्री नऊला उघडलं, बाराला उघडलं, तीनला उघडलं. दर वेळी काच कोरडी व्हायची, आर्द्रतेचा आकडा 70 वरून 45 वर यायचा आणि चढायला अर्धा तास घ्यायचा. पहाटे पाचला बघितलं तर तड्याच्या जागी आता वाटाण्याएवढं भोक होतं, आतली चोच दिसत होती, चोचीच्या टोकावरचा तो पांढरा टणक दाणा, ज्याने ते टरफल फोडतं, तोही दिसत होता. पण भोकाच्या कडेचा पापुद्रा ओलसर पांढरा असायला हवा तो पिवळट, कागदासारखा कडक झाला होता आणि चोचीला घट्ट चिकटला होता. पिल्लू हलायचा प्रयत्न करायचं आणि हलता यायचं नाही.

कोंबडीचं पिल्लू टरफलाला आतून पहिला टोचा मारल्यावर बहुतेक वेळा अर्ध्या-एक दिवसात बाहेर येतं. इथे तेरा तास झाले होते, माझ्या हिशोबाने उशीर झाला होता. मी चिमटा उकळत्या पाण्यातून काढला आणि भोकाच्या कडेने टरफलाचे दोन तुकडे उचलले, पापुद्रा थोडा मागे सारला. आणि रक्त आलं. एकच थेंब, पण ताजं, लाल, आणि तो पसरत गेला. हात थांबले माझे.

पापुद्र्यातल्या शिरा अजून चालू होत्या म्हणजे पिल्लाची तयारीच झालेली नव्हती. हे मला माहीत असायला हवं होतं. पिल्लू आधी आतला पापुद्रा फोडून हवेच्या पोकळीत चोच घालतं आणि तिथे पहिला श्वास घेतं, मग बाहेरचं टरफल टोचतं, आणि मग थांबतं. बाहेरून वाटतं ते दमलं, अडकलं, मेलं. आत मात्र त्या वेळात शिरांमधलं रक्त अंगात ओढलं जात असतं आणि उरलेला पिवळा बलक बेंबीतून पोटात घेतला जात असतो. बदकात हे थांबणं 24 तास, कधी 48 तास चालतं. ते संपायच्या आत कोणी ओढून बाहेर काढलं तर रक्तस्राव होतो नाहीतर बलक बाहेर राहतो, आणि मग पिल्लू जगत नाही.

स्वच्छ कापसाचं टोक त्या जागेवर हलकं धरलं. मनात साठपर्यंत मोजलं. उचललं, पुन्हा थोडं ओलं लाल, पुन्हा धरलं. तिसऱ्या वेळी कापूस कोरडा आला. मग उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापसाची काडी बुडवून, पूर्ण निथळून, फक्त पापुद्र्यावरून फिरवली, नाकपुड्यांपासून लांब, कारण एक थेंब जरी नाकात गेला तरी संपलं. पापुद्रा मऊ पडला, चोच सुटली, पिल्लाने तोंड उघडून जांभई दिल्यासारखं केलं. अंडं परत ठेवलं, शेजारी ओला स्पंज, झाकण बंद.

आणि ती तीन अंडी? ती आईने सोडवली. सहाला उठून आली, माझं तोंड बघितलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अगं मग ती काळी कोंबडी चार दिवस झाले रिकाम्या खोपट्यात खुडूक बसलीय, तिच्याखाली घाल की." मला रात्रभर मशीनशिवाय दुसरं काही दिसलंच नव्हतं! काळीने तीनही अंडी चोचीने स्वतःच्या पोटाखाली ओढून घेतली, एकदाही कुरकुरली नाही. बदकाच्या अंड्यांना ओलावा जास्त लागतो म्हणून पुढचे दिवस मी त्यांच्यावर रोज कोमट पाणी शिंपडत होते.

मग 29वा सगळा दिवस काही करायचं नाही हेच काम. मी सांगते, याहून अवघड काम मी केलेलं नाही. काचेतून बघायचं, चोच हलतेय का, श्वासाबरोबर भोकाची कड वरखाली होतेय का. दुपारी दोनला चिवचिव पूर्ण थांबली, एक तासभर काहीच नाही. माझा हात दोनदा झाकणावर गेला. तपकिरी बाहेर आपल्या आठ पिल्लांना हाका मारत होती, खिडकी उघडी होती, आणि तिच्या हाकेवर अंड्यातून एक बारीक आवाज आला. मग मी मशीनच खिडकीशी सरकवली, तिची हाक येत राहू दे म्हटलं.

रात्री अकराला टक, टक सुरू झालं. नुसतं टोचणं नव्हतं ते, पिल्लू आतल्या आत फिरत होतं आणि फिरता फिरता टरफलाला गोल चीर पाडत चाललं होतं, डबीचं झाकण कापावं तशी. थोडं कापायचं, थांबायचं, धापा टाकायचं, सरकायचं. पाऊण वर्तुळ झाल्यावर त्याने पाय ताणले, जाड टोक वर उचललं गेलं, आणि एक ओलं, लांब मानेचं, लव अंगाला चिकटलेलं काहीतरी बाहेर लोळलं. एक वाजला होता. टोचा मला दिसल्यापासून 33 तास. पोट मी टॉर्चने नीट बघितलं, बेंबी बंद, वाळलेला एक धागा लटकतोय, बलक पूर्ण आत गेलेला. टरफलात शिरा सगळ्या फिक्या, रिकाम्या, फक्त माझ्या चिमट्याच्या जागी एक तपकिरी डाग.

दुसरं मूळचं अंडं फुटलंच नाही. दोन दिवसांनी उघडलं तर आत पूर्ण वाढलेलं पिल्लू, हवेच्या पोकळीपर्यंत पोचलेलंच नव्हतं. ते गारव्याने गेलं की आधीच गेलं होतं हे सांगता येणार नाही, मी त्याला खुराड्याजवळ पुरलं.

बाहेर आलेलं पिल्लू सकाळपर्यंत वाळून फुललं. पोटातल्या बलकावर त्याचा पहिला दिवस निघतो, त्यामुळे खायची घाई नव्हती, घाई दुसऱ्या गोष्टीची होती. प्राण्यांच्या वागण्याचा अभ्यास करणारे कॉनराड लॉरेन्झ यांच्या मागे हंसाची पिल्लं आई समजून फिरायची हे बऱ्याच जणांना माहीत असतं, त्यांना 1973 साली नोबेल मिळालं, पण इथे मला ते पिल्लू माझ्या मागे यायला नकोच होतं. एकटं वाढलेलं पिल्लू आईच्या ऊबेशिवाय राहतं, पाण्यात गेलं की भिजून गारठतं. म्हणून दिवसभर त्याच्याशी बोलले नाही, मशीनवर कापड टाकून ठेवलं, आणि रात्री पूर्ण अंधार झाल्यावर बाहेर गेले. तपकिरी आठ पिल्लं पोटाखाली घेऊन झोपली होती. मी मुठीत पिल्लू घेऊन हात मागून हळूच तिच्या पंखाखाली सरकवला, आत भट्टीसारखी ऊब होती. पिल्लू जोरात ओरडलं. तपकिरीने मान वळवली, माझ्या मनगटाला चोच मारली, आणि मग तोच, घशातल्या घशातला आवाज काढला. पिल्लू गप्प झालं. हात रिकामा बाहेर काढला.

सकाळी गवतात नऊ होती. शेवटचं जरा मागे, पडत उठत, पण तिच्याच मागे. काळीखालच्या तीनपैकी दोन आठवड्याभरात फुटली, त्यांना कोणी मदत केली नाही आणि लागलीही नाही.

पांढरी आता स्वतः बसलीय. नऊ अंडी, आज तिसरा दिवस, सगळ्यांवर खुणा केल्यात, आणि खुराड्याच्या दाराला दोरीने एक पेन्सिल बांधून ठेवलीय.