आसोज सुदी ८

आखाजी (अक्षय्य तृतीया), रात्री उशिरा

आज नाना आगारी, म्हणजे पितरांच्या नावाने विस्तवात घास, टाकताना पणजोबांच्या नावापाशी क्षणभर थांबले. वर्षभर आमच्या घरात पणजोबांच्या मृत्यूच्या ज्या सालावरून वाद चाललाय, तेच त्यांच्या मनात आलं असणार.

नानांच्या वहीत पणजोबा १९१९ साली वारले. आधार आमची वंशावळ लिहिणाऱ्या भाटाच्या पोथीचा : ‘आसोज सुदी ८, संवत १९७५’. संवताचं इसवी साल काढायला नानांनी छप्पन्न वजा केले आणि विषय मिटला. पण मोठी माय, म्हणजे माझी आजी, म्हणायची, “तुना आजा पोटमा व्हतात, तवय त्या गयात.” तुझे आजोबा पोटात होते, तेव्हा ते गेले. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्म १ जून १९१९. म्हणजे नानांच्या हिशोबाने बाप गेला तेव्हा आजोबा चार महिन्यांचे! १ जून ही मास्तरांनी अंदाजाने टाकायची तारीख, हे खेड्यात कुणाला ठाऊक नाही? तरी आम्ही कागदाचं ऐकलं. मोठी मायने तर हे थेट तिच्या सासूच्या तोंडून ऐकलं होतं.

जमिनीच्या वारसनोंदीचा फेरफार काढला, तो १९२०चा. त्यात मयताची तारीखच नाही. आजोबांच्या नावापुढे एवढंच, ‘अ.पा.क. आई’. अज्ञान पालनकर्ती. त्या तीन अक्षरांवर मी बराच वेळ बोट ठेवून बसलो. पंचविशीही न गाठलेली बाई, गिरणाकाठची चार एकर आणि मांडीवर पोर.

मग कोतवाल बुक, गावातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदींचं, मिळालं. पिवळं पडलेलं पान, कडा वाळवीने खाल्लेल्या, मोडी अक्षर. मोडी वाचणारे एक निवृत्त गुरुजी भिंग धरून वाचत गेले. आमचं नाव आलं. वय चोवीस. महिना ऑक्टोबर, साल १९१८. कारणाच्या रकान्यात ‘ताप’. वरच्या ओळीतही ताप, खालच्याही ओळीत ताप, पान संपेपर्यंत तापच. गुरुजींनी भिंग खाली ठेवलं आणि म्हणाले, “मानमोडी.” जूनमध्ये मुंबईत शिरलेली ती इन्फ्लूएंझाची साथ पावसाळा सरता सरता दुसऱ्यांदा उठली आणि खेडोपाडी पसरली. त्या साली पाऊसही दगा देऊन गेलेला. म्हाताऱ्यांपेक्षा कर्ती माणसंच जास्त गेली.

तरी भाटाचं १९७५ छळत होतं. पिढ्यान्पिढ्या लिहिणारा माणूस एका वर्षाने चुकेल? शेवटी ‘आसोज’ या शब्दापाशी अडलो. आपण आश्विन म्हणतो, गुजराती आसो म्हणतात. आसोज मारवाडाकडचा. आणि तिकडे संवत चैत्रात बदलतो, आपल्याकडच्या व्यापाऱ्यांसारखा दिवाळीच्या पाडव्याला नाही. त्या हिशोबाने १९७५चा आश्विन म्हणजे ऑक्टोबर १९१८, ऐन नवरात्र. छप्पन्न नाही, सत्तावन्न वजा करायचे होते.

भाट बरोबर होता. कोतवाल बरोबर होता. मोठी माय तर पहिल्यापासून बरोबर होती, आणि तिला गेल्याला आता सहा वर्षं झाली. ती हे सांगू लागली की आम्ही “हो, हो” म्हणून विषय बदलायचो. ते आज फार लागतंय.

संध्याकाळी नानांनी वही मागितली. १९१९ वर एक आडवी रेघ मारली, शेजारी १९१८ लिहिलं. मग खाली, त्यांच्या टपोऱ्या अक्षरात, मोठी मायचं वाक्य अहिराणीतच उतरवलं आणि पुढे तिचं नाव घातलं.