तुम्ही विचारलंत म्हणून : जुन्या कोचला पुरस्कार हवाच कशाला?

"मॅडम, तो जेरी स्लोन तुमचा कोण लागतो?"

एनबीए म्हणजे अमेरिकेतली बास्केटबॉल लीग. तिचा 'कोच ऑफ द इयर' जाहीर झाला की मी स्लोनचं नाव काढते, आणि हा प्रश्न दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच. मैदानावर मुलीला घ्यायला आलेले वडील विचारतात, माझ्याकडे खेळून आता बंगळुरूला नोकरी करणारी पोरगी फोनवर विचारते, घरात मुलगा विचारतो. मग त्याच्या मागोमाग खरा प्रश्न येतो : जो माणूस इतकी वर्षं जिंकतोच आहे, त्याला वर पुरस्कार हवाच कशाला? बारा वर्षं मी याचं उत्तर तुकड्यातुकड्यांत देत आलेय. आज एकदाच पूर्ण देते.

स्लोन माझा कुणीही लागत नाही. १९८८ पासून २०११ च्या फेब्रुवारीपर्यंत तो युटा जॅझ या संघाचा कोच होता. सगळी कारकीर्द धरली तर १,२२१ विजय. १९९७ मध्ये जॅझनं ६४ सामने जिंकले आणि अंतिम फेरी गाठली. पुरस्कार मायामीचा कोच पॅट रायलीला गेला. १९९८ मध्ये ६२ जिंकले, पुन्हा अंतिम फेरी. पुरस्कार लॅरी बर्डला. बर्डचं कोच म्हणून ते पहिलंच वर्ष होतं. त्याची इंडियाना आदल्या मोसमात ३९ विजयांवर होती, त्यानं ती ५८ वर नेली. मोठंच काम होतं ते. रायलीला किंवा बर्डला द्यायला नको होतं असं मी कधी म्हटलेलं नाही, तरी दरवेळी माझ्या तोंडी तेच वाक्य घातलं जातं.

माझा जीव अडकलाय तो २००३-०४ मध्ये. त्या मोसमाआधी जॅझचे दोन मुख्य खेळाडू गेले : स्टॉकटन निवृत्त झाला आणि मलोन लेकर्स संघाकडे गेला. ज्या दोघांच्या पिक अँड रोलवर (एकानं आडवं उभं राहून दुसऱ्याला वाट करून द्यायची, मग स्वतः बास्केटकडे वळायचं) जॅझ वर्षानुवर्षं चालली, ते दोघंही एका उन्हाळ्यात नाहीसे. आता हा संघ तळाला जाणार असंच बहुतेकांनी धरलं होतं. स्लोननं नवख्या पोरांना घेऊन ४२ सामने जिंकले, ४० हरले. प्लेऑफ, म्हणजे मोसमानंतरची बाद फेरी, थोडक्यात हुकलं. पुरस्कार ह्यूबी ब्राऊनला मिळाला, कारण त्याची मेम्फिस २८ वरून ५० वर गेली होती. स्लोन दुसरा आला. २००९ मध्ये त्याला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, २०२० च्या मे महिन्यात तो गेला, आणि कोच ऑफ द इयर त्याला एकदाही मिळाला नाही.

इथं मला माझ्याच जुन्या बोलण्याशी भांडावं लागतं. पूर्वी मी सरळ म्हणायचे की म्हाताऱ्या कोचांना डावलतात. ते चूक होतं. ह्यूबी ब्राऊन तेव्हा सत्तर वर्षांचा होता. सॅन अँटोनिओच्या पॉपोविचला तीनदा मिळाला, २००३, २०१२ आणि २०१४. त्यातले दोन साठी उलटल्यावरचे. तेव्हा वयाचा मुद्दा मी सोडला. आता मी म्हणते ते असं : मत देणारे पत्रकार आणि समालोचक मनात एक अपेक्षा धरून बसतात आणि तिच्यापुढे कोण किती गेलं ते मोजतात. एकाच जागी वीस वर्षं चांगलं काम करणाऱ्यानं ती अपेक्षा स्वतःच वर नेऊन ठेवलेली असते. दुसरीकडे नव्यानं आलेला सत्तरीचा माणूससुद्धा त्यांच्या लेखी नवाच. शिवाय मतं प्लेऑफच्या आधी घेतली जातात. म्हणजे अनुभवी कोचची खरी परीक्षा जिथं असते, एकाच संघाशी सलग सात सामने, दर रात्री नवा डाव, ती परीक्षा मोजायच्या आधीच पेटी बंद.

या पुरस्काराची ट्रॉफी रेड ऑरबाखच्या नावानं आहे. बोस्टनला नऊ विजेतेपदं मिळवून दिली त्यानं. पुरस्कार १९६२-६३ मध्ये सुरू झाला, त्यानंतर १९६६ पर्यंत चारही वेळा विजेतेपद ऑरबाखच्याच संघाकडे होतं, आणि पुरस्कार त्याला एकदाच मिळाला, १९६५ मध्ये. फिल जॅक्सनची अकरा विजेतेपदं, पुरस्कार एक, तोही त्याच्या शिकागो बुल्सनं ८२ पैकी ७२ सामने जिंकले तेव्हा. एरिक स्पोलस्ट्रा २००८ पासून मायामीचा मुख्य कोच आहे, दोन विजेतेपदं आहेत, हा पुरस्कार नाही.

यावर तुम्ही म्हणता, मग काय बिघडलं? जग ओळखतंच ना त्यांना? बरोबर आहे. जॅक्सनचं काहीच बिघडलं नाही. मला राग आहे तो दुसऱ्याच गोष्टीचा, आणि ती मी आजवर कुणालाही नीट सांगितलेली नाही.

बारा वर्षांपूर्वी नागपुरात शालेय मोसमाच्या शेवटी एका संस्थेनं 'वर्षातला सर्वोत्तम प्रशिक्षक' निवडायचं ठरवलं. समितीत तिघं. दोन पंच, आणि माजी खेळाडू म्हणून मी. एका वर्गात बाक जोडून आम्ही बसलो होतो. समोर एक छापील तक्ता होता : शाळा, प्रशिक्षक, गेल्या वर्षीचं स्थान, या वर्षीचं स्थान. माझ्या सरांच्या ओळीत १ आणि १. त्याखाली एका तरुण मुलाच्या ओळीत ११ आणि ३.

माझे सर म्हणजे ज्यांनी मला सातवीत बॉल हातात दिला ते. माझ्या आईनं 'मुलगी सहानंतर बाहेर राहणार नाही' असं सांगितल्यावर ज्यांनी सरावच पहाटे साडेपाचला ठेवला ते.

आणि त्या वर्षीच्या त्या १ मागे काय होतं ते मला माहीत होतं. आदल्या मार्चमध्ये त्यांच्या पाचही मुख्य मुली दहावी होऊन गेल्या होत्या. राहिल्या होत्या आठवी-नववीच्या बुटक्या पोरी, डाव्या हातानं लेअप, म्हणजे पळत येऊन बास्केटजवळून बॉल टाकणं, न येणाऱ्या. जुलैत मी सहज मैदानावर गेले तेव्हा सर उकिडवे बसून सिमेंटवर खडूनं पावलं काढत होते. डावं पाऊल निळं, उजवं पांढरं. "डावा, उजवा, वर. डावा, उजवा, वर." रात्री पाऊस यायचा, पावलं धुऊन जायची. दुसऱ्या दिवशी सर पुन्हा उकिडवे बसायचे. गुडघा तेव्हाच दुखत होता, उठताना पोलला धरून उठायचे. मी विचारलं, "सर, ऑइलपेंटनं का नाही काढून टाकत?" तर म्हणाले, "पोरी वाढतात गं. दोन महिन्यांत पाऊल पुढे न्यावं लागतं."

हे सगळं मी पाहिलं होतं, आणि त्या वर्गात मी काय बोलले?

"सरांचं काय, ते दरवर्षी जिंकतातच. या मुलाला प्रोत्साहन मिळेल."

ते दोघं पंच तर माझ्याकडेच बघत होते, सरांची विद्यार्थिनी म्हणून. मी बोलल्यावर विषय संपला. चहा यायच्या आत सही झाली. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला स्वतःबद्दल बरंही वाटलं, की आपण पक्षपात केला नाही.

समारंभाला सर आले होते, तिसऱ्या रांगेत, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. त्या मुलाचं नाव पुकारलं, तो स्टेजवर जायच्या आधी सरांच्या पाया पडायला वाकला. सरांनी त्याला खांद्याला धरून उठवलं. बाहेर पडताना मला म्हणाले, "बरोबर दिलंत. पोरगं मेहनती आहे." 'दिलंत' म्हणाले. समितीत मी आहे हे त्यांना ठाऊक होतं. मी "हो सर" म्हणाले आणि गाडीची किल्ली शोधत राहिले.

पुढच्या जूनमध्ये त्यांच्या शाळेनं मानधनावरच्या लोकांची फेरतपासणी काढली. प्रत्येकानं आपल्या कामाचा पुरावा जोडायचा होता. सरांकडे कागद नव्हता. ऑफिसबाहेरच्या काचेच्या कपाटात एकोणीस वर्षांचे करंडक होते, पण करंडकावर शाळेचं नाव असतं. सरांनी मला फोन केला आणि विचारलं, "एखादं प्रमाणपत्र असतं का गं, माझ्या नावाचं?" आयुष्यात त्यांनी माझ्याकडे मागितलेली ती एकच गोष्ट. मी साध्या कागदावर दोन पानी पत्र लिहून दिलं. ऑगस्टपासून संघ दुसऱ्याकडे गेला.

तो पुरस्कार असता तर हे टळलं असतं का? मला सांगता येत नाही. कदाचित शाळेचं आधीच ठरलं असेल. आणि तो मुलगा? त्याच पुरस्काराच्या जोरावर तो एका शाळेत कायम झाला. आज त्याच्याकडे चाळीसेक मुली खेळतात, त्यांच्यासाठी तोही पहाटे मैदान उघडतो. त्याचा पुरस्कार काढून घ्या असं मी कुठल्या तोंडानं म्हणू? माझ्या मतामुळे एका माणसाचं भलं झालं, हेही खरंच आहे.

लोक मला उदाहरणं देतात. जॉर्ज कार्लला २०१३ मध्ये पुरस्कार मिळाला आणि महिन्याभरात डेन्व्हरनं काढलं. ड्वेन केसीच्या हातात २०१८ मध्ये ट्रॉफी आली तोवर टोरांटोनं त्याला काढून टाकलेलं होतं. म्हणजे कागदानं काय होतं, असं. कबूल. पण या दोघांना दुसऱ्या संघाच्या दारात उभं राहताना दाखवायला काहीतरी होतं. केसीला तर डेट्रॉइटनं आधीच घेतलंही होतं.

एक गोष्ट मला पटते. एनबीएच्या कोचांच्या संघटनेनं २०१७ पासून स्वतःचा वेगळा पुरस्कार सुरू केला, त्यात कोचच कोचला मत देतात. पहिल्याच वर्षी तो दोघांत विभागला गेला, माइक डिअँटोनी आणि स्पोलस्ट्रा. स्पोलस्ट्राचा संघ त्या मोसमात ११-३० (११ विजय, ३० पराभव) असा बुडालेला होता, तिथून ३०-११ असा वर आला, शेवटी ४१-४१. प्लेऑफसुद्धा मिळालं नाही. पण बुडत्या ड्रेसिंग रूममध्ये जानेवारीत काय करावं लागतं हे दुसऱ्या कोचला कळतं. हे वाचलं तेव्हा मला हायसं वाटलं, आणि लगेच आठवलं की त्या वर्गात मीसुद्धा मैदानावरचीच होते. मला खडूची पावलं माहीत होती. तरी मी तक्त्याकडेच पाहिलं.

सर आता त्र्याहत्तर वर्षांचे आहेत. रविवारी सकाळी मी जाते, मोबाइलवर सामना लावते. ते स्कोअर बघत नाहीत, "तो कोपऱ्यातला पोरगा बघ, बॉल नसताना काय करतोय" एवढंच म्हणतात. त्या वर्षाबद्दल आम्ही दोघं कधी बोललो नाही. हे लिहिलेलं ते वाचतील का, ठाऊक नाही. वाचलं तर वाचोत.

या वर्षी संस्थेनं मला पुन्हा समितीवर बोलावलंय. मी कळवलं, येते, पण त्या तक्त्यातला 'गेल्या वर्षीचं स्थान' हा रकाना काढा. सचिवांचा फोन आला. अगदी आदरानं बोलले. म्हणाले, "ताई, काढतो. पण मग ठरवायचं कशावरून, तेवढं सांगा."

चार दिवस झाले. त्यांना अजून फोन केलेला नाही.