थिंगवेल्लिरला सहलीच्या बसने जाऊ नका

‘सागांच्या भूमीची सहल’ (सागा म्हणजे आइसलँडच्या मध्ययुगीन गद्यकथा) म्हणून माणशी वीस हजारांवर रुपये घेतले आणि थिंगवेल्लिरला, म्हणजे आइसलँडची जुनी सभा आणि न्यायालयं भरायची त्या मैदानाला, वेळ दिला चाळीस मिनिटं! मी दिवाणी कोर्टात वकिली करते. न्याल या कायदेपंडिताच्या सागातल्या खटल्यासाठीच आइसलँडला गेले होते. गाइडने गवतातले दगडी चौथरे दाखवून ‘हे न्यालच्या काळचे’ म्हणून ठोकून दिलं. साफ चूक. दिसणारे बहुतेक अवशेष १७व्या-१८व्या शतकातले आहेत. लोगबर्ग, म्हणजे कायदा सांगायचा खडक, म्हणून झेंडा रोवलाय, त्या जागेवरही अभ्यासकांचं एकमत नाही.

दुसऱ्या दिवशी रेक्याविकहून गाडी भाड्याने घेऊन पुन्हा गेले. तासाभराचा रस्ता, काही त्रास नाही. त्रास आल्मान्नाग्याऊ घळीत. नोव्हेंबरात दोन कड्यांमधल्या त्या उतारावर बर्फाची काच झालेली असते. मी दोनदा आपटले, मनगट अजून दुखतंय. बुटांवर चढवायचे खिळे नसतील तर उतरूच नका. उजाडतं साडेनऊच्या सुमारास; त्याआधी निघण्यात अर्थ नाही.

खाली ओक्सारा नदीकाठी मात्र दोन तास हललेच नाही. न्यालला घरात जाळणाऱ्या फ्लोसीचा खटला या मैदानावर चालला. त्याच्या वकिलाने, एयोल्फने, सोन्याचं कडं घेऊन युक्ती दिली: गोदीपद (सरदारकी) गुपचूप भावाला दे आणि उत्तरेच्या गोदीच्या आश्रयाला जा. फ्लोसी उत्तरेचा झाला आणि खटला चालवणाऱ्या पूर्व विभागाच्या कोर्टाचं अधिकारक्षेत्रच संपलं! मग प्रकरण पाचव्या न्यायालयात, म्हणजे चार विभागांच्या कोर्टांच्या वरच्या न्यायालयात गेलं. तिथे ४८ पंच. दोन्ही बाजूंनी सहा-सहा वगळून ३६ जणांनी निकाल द्यायचा. प्रतिवादींनी आपले सहा वगळलेच नाहीत. तेही फिर्यादीनेच वगळायचे, हे फिर्यादीची बाजू मांडणारा मोर्द विसरला. ४२ जण बसले आणि निकाल रद्द झाला. तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला. अशी एक तारीख माझ्याही हातून गेली आहे.

फिर्यादी बाजूचा खरा कायद्याचा जाणकार थोरहाल, पायाला गळू होऊन पाय सुजल्याने पालात पडून. निरोपे त्याचा सल्ला आणायला धावत. मी नदीकाठून ओरडून बघितलं, वाऱ्यात कड्यापर्यंत आवाज पोचेना. मोर्दची चूक कळल्यावर थोरहालने भाला स्वतःच्या गळवात खुपसला, तसाच बाहेर पडला आणि फ्लोसीच्या नात्यातला पहिला दिसेल त्याला मारलं. हे वाचायचं तर तिथेच बसून वाचा, थर्मास जवळ ठेवा.

न्यालचं घर जिथे जळलं त्या बेर्गथोर्सक्वोलला वेगळा दिवस घालवू नका. गेयसिरचे गरम झरे आणि गुल्फोस धबधबा चांगले आहेत, थिंगवेल्लिरच्या पुढे गेलात तर त्याच दिवसात होतात.