बर्फाचं पान

मित्राचा निरोप आला तेव्हा दुपारचे तीन वाजले होते आणि मी योगायोगानं पुस्तकांच्या दुकानातच होते. "वाइन, बीअर, कॉकटेल, चांगलंचुंगलं खाणं, यातलं एखादं बरं पुस्तक घेऊन ठेव माझ्यासाठी. एकच. तुला कळतं." या माणसानं उभ्या आयुष्यात मला 'तुला कळतं' म्हटलेलं नाही. त्यामुळे मी जरा हुरळले आणि त्या कप्प्याकडे वळले.

त्या कप्प्यातली पुस्तकं लांबूनच ओळखू येतात. बाकीची उभी असतात, ही आडवी पडलेली. गुळगुळीत कागद, बोट लावलं की ठसा. मुखपृष्ठावर हमखास एक पेला आणि पेल्याच्या कडेला एकच थेंब, फोटोग्राफरनं सांगितल्यासारखा थांबलेला. वजन तर विचारू नका. डाव्या कोपरावर पुस्तक पेलून उजव्या हातानं पानं उलटायची म्हणजे तान्हं मूल कडेवर घेऊन भाजी परतण्यासारखं आहे.

अशी पुस्तकं मी मागून उघडते. ही माझी जुनी खोड. शेवटी सूची असते, तिच्यात 'बर्फ' शोधायचा. कॉकटेलच्या पुस्तकात बर्फावर दोन-तीन पानं असतील तर ते पुस्तक बसून बघण्याच्या लायकीचं. 'भरपूर बर्फ घाला' एवढ्यावरच भागवलं असेल तर ते परत आडवं. कारण रंगीत पेल्यांबद्दल कोणीही लिहील, पेल्यावर छत्री कोणीही खोचेल. बर्फाबद्दल लिहायला मात्र माणसाला खरंच त्याचा नाद असावा लागतो.

आणि बर्फात लिहिण्यासारखं किती आहे! पेय हलवताना बर्फ नुसता गार असतो म्हणून गारवा येत नाही, तो वितळतो म्हणून येतो. शून्य अंशावरचा एक ग्रॅम बर्फ वितळताना साधारण ८० कॅलरी उष्णता ओढून घेतो. म्हणजे गारवा हवा तर पाणी मिसळणारच, एक घेऊन दुसरं नाकारता येत नाही. चांगलं हलवलेलं कॉकटेल पेल्यात येतं तेव्हा त्यात साधारण पाव भाग बर्फाचं पाणी झालेलं असतं. पाणी झालं म्हणून नाक मुरडणाऱ्यांसाठी सांगते, १८०६ साली न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या एका वर्तमानपत्राला वाचकानं विचारलं होतं, हे कॉकटेल म्हणजे काय हो? संपादकांनी उत्तर दिलं: कुठलंही मद्य, साखर, पाणी आणि बिटर्स, म्हणजे कडू अर्काचे थेंब. पाणी तेव्हापासूनच यादीत आहे.

एवढ्यावरून कोणाला वाटेल, मी मोठी पिणारी. तसं काही नाही. माझा एक पेला रात्रभर पुरतो आणि शेवटी कुंडीतल्या झाडाला जातो. पुस्तकं मात्र मी झोपताना वाचते. जेरी थॉमस नावाच्या अमेरिकन बारटेंडरचं १८६२ सालचं पुस्तक आहे, त्यात मापं 'वाइनग्लास'मध्ये दिलेली. एक वाइनग्लास म्हणजे आजचे साधारण साठ मिलीलिटर, हे कळेपर्यंत माणूस पहिल्याच पाककृतीत आडवा व्हायचा. त्यातच एक 'ब्लू ब्लेझर' आहे. पेटवलेली व्हिस्की एका मगमधून दुसऱ्या मगमध्ये, दोन हात लांब करून ओतत राहायची, म्हणजे मध्ये जळती धार दिसते. थॉमसनं शहाणपणानं लिहून ठेवलंय की नवख्यानं भाजून घेऊ नये, आधी काही दिवस गार पाण्यावर हात बसवावा.

मी बसवला. एका दुपारी घरात कोणी नसताना, स्वयंपाकघरात, दोन स्टीलचे पेले घेऊन. पहिली धार डाव्या पायावर. दुसरी ओट्यावर. तिसरी बरोबर पेल्यात पडली, पण तोवर उजव्या पेल्यात काही उरलंच नव्हतं. पंधरा मिनिटांनी फरशी पुसताना माझ्या लक्षात आलं की त्या इशाऱ्याची मला सर्वात जास्त गरज होती आणि तो ज्यानं लिहिला त्याला माझ्यासारखी बरीच माणसं माहीत असणार. तेव्हापासून मी या मंडळींचे सावधगिरीचे परिच्छेद आधी वाचते. लेखकानं स्वतः कधी चटका खाल्लाय का, ते तिथे कळतं.

बीअरच्या पुस्तकात मी 'पाणी' बघते. इंग्लंडमधल्या बर्टन-अपॉन-ट्रेंटच्या पाण्यात जिप्सम नावाचं खनिज, म्हणून तिथली फिकी एल जातीची बीअर गाजली. आजच्या चेक देशातल्या प्लझेनचं पाणी अगदी मऊ, म्हणून १८४२ साली तिथे ती सोनेरी पिल्सनर बीअर जमून आली. माणसं मिशीला पीळ देत आपल्या हाताचं कौतुक सांगत राहिली, आणि निम्मं काम विहिरीनं करून ठेवलेलं. जर्मनीतल्या बव्हेरियाच्या १५१६ च्या फर्मानात बीअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी एवढंच घालावं असं लिहिलंय. बीअर आंबवणाऱ्या यीस्टचं नाव नाही. जो सगळा खेळ करतो तोच गैरहजर, कारण तो आहे हेच तेव्हा कोणाला माहीत नव्हतं. अशा गोष्टी वाचल्या की मला उगाचच बरं वाटतं.

वाइनच्या पुस्तकात बूच. बुचातून टीसीए नावाचं रसायन उतरलं तर वाइनला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो, आणि एक लाख कोटी भागांत त्याचे चार-पाच भाग असले तरी तरबेज नाकाला ते कळतं. ओला पुठ्ठा, ओला कुत्रा, कुबट तळघर: दोषांच्या पानावर वाइनवाले एकदम शुद्धीवर येतात. त्याआधीच्या तीनशे पानांत मखमल, रेशीम, चामडं, पावसानंतरचा दगड असलं सगळं चाललेलं असतं.

पण वाइनच्या पुस्तकांबाबत मी तटस्थ नाही. तिथे काका येतात.

काका नकाशे काढायच्या नोकरीत होते. दारूचा थेंब नाही, चहासुद्धा अर्धाच. आणि त्यांच्याकडे ह्यू जॉन्सन यांचा वाइनचा नकाशासंग्रह होता, १९७१ साली निघालेला तो. घरातल्या मोठ्यांना कळेना की या माणसाला हे पुस्तक कशाला. काकांना वाइनशी देणंघेणं नव्हतं, त्यांना नकाशातल्या सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या समोच्च रेषांशी होतं. सुट्टीतल्या दुपारी ते पुस्तक फरशीवर उघडायचं, मी पोटावर पालथी, कोपरं गार फरशीला टेकलेली, आणि काका भिंतीला पाठ लावून. ते गावाचं नाव सांगायचे, मी शोधायचं. म्यूर्सो. व्होल्ने. पोमार. उच्चार आमचे आम्हीच ठरवलेले, आणि एका अक्षरावरून आमचं भांडणही झालेलं आहे. भिंग एकच होतं, ते आळीपाळीनं. त्याचा काळा दांडा सैल झाला होता, नीट धरला नाही की भिंग मान टाकायचं.

एकदा त्यांनी फ्रान्समधल्या बर्गंडीच्या पानावर बोट ठेवलं. हा डोंगराचा उतार. मधला पट्टा सगळ्यात महाग. वरचा स्वस्त, खालचा त्याहून स्वस्त. का? मी तीन भावंडांतली मधली, त्यामुळे मला ही व्यवस्था प्रथमदर्शनीच पटली. काकांना कारण हवं होतं. मग त्यांनीच सांगितलं: वर माती पातळ आणि गारठा, खाली माती जड आणि पाणी साचणार, मध्ये पाणीही निथळतं आणि ऊनही पोचतं. रोमाने-काँती नावाचा जो जगप्रसिद्ध मळा, तो अशाच मधल्या पट्ट्यात, जेमतेम १.८ हेक्टरचा. काकांनी नखानं दाखवला. नखाखाली झाकला गेला.

"काका, हे कसं लागतं हो?" मी विचारलं.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "ते काही मला माहीत नाही. पण उतार पूर्वेकडे आहे. म्हणजे सकाळचं ऊन चांगलं लागत असणार."

पुढे मी त्या उतारावरची एक वाइन प्यायले. एकदाच, दुसऱ्याच्या पैशानं. सकाळच्या उन्हापलीकडे मला काही सुचलं नाही. जवळ बसलेल्या जाणकारानं बेदाणा, भूछत्र आणि खोगीर ओळखलं. खोगीर! मी त्याच्याकडे आदरानं बघितलं.

असो. दुकानात होते मी. खाण्याच्या पुस्तकांना माझी कसोटी मिठाची, आणि 'चवीनुसार मीठ' या दोन शब्दांवर माझा दात आहे. कोणाच्या चवीनुसार? मला चव कळत असती तर पुस्तक कशाला घेतलं असतं? या बाबतीत इझाबेला बीटनबाई बऱ्या. १८६१ साली, पंचविशीत, त्यांनी एवढा मोठा गृहव्यवस्थेचा ग्रंथ काढला आणि मापं, वेळ, खर्च सगळं लिहून टाकलं. मोठी गाजरं त्या पावणेदोन ते सव्वादोन तास शिजवायला सांगतात. सव्वादोन तासांनी गाजराचं काय होत असेल ते होवो, पण बाई वेळ सांगायला घाबरल्या नाहीत.

एव्हाना माझ्या पायाशी चार पुस्तकं झाली होती, दुकानातला मुलगा दोनदा येऊन गेला होता आणि माझ्या मनात एक भलतंच सुरू झालं होतं. ही जी पुस्तकं मला आवडतात, ती भरल्या ताटावर बसून लिहिलेली नव्हेतच. एलिझाबेथ डेव्हिड यांनी १९५० साली भूमध्य समुद्राकाठच्या जेवणावर लिहिलं तेव्हा ब्रिटनमध्ये रेशनिंग चालू होतं. ऑलिव्ह तेल, जर्दाळू, लिंबू असं नुसतं वाचायचं आणि पान उलटायचं. हॅरी क्रॅडॉकनं लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलचं कॉकटेलचं पुस्तक काढलं ते १९३० साली, तेव्हा अमेरिकेत दारूबंदी होती, आणि हा गडी त्या बंदीपायीच तिकडून लंडनला आलेला. खाण्यावरचं पुस्तक लिहिणारा फ्रेंच ब्रिया-साव्हारँ तर न्यायाधीश. फ्रेंच क्रांतीत जीव वाचवून अमेरिकेत पळालेला, तिथे पोटासाठी नाटकाच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवलं. नवा तारा सापडण्यापेक्षा नवा पदार्थ सापडला तर माणसाचं जास्त भलं होतं, असं लिहिणारा तोच. आणि काका. काकांनी तर काही लिहिलंही नाही.

यातून काहीतरी निघत होतं. नक्की निघत होतं. पण तेवढ्यात फोन वाजला.

"घेतलंस का?"

"अरे, एक का दोन आहेत इथे! बर्फ बघतेय."

"काय बघतेयस?"

"काही नाही. नकाशे चालतील? वाइनचे?"

"चालतील. पण जाड नको हं. मला जड उचलायचं नाहीये."

"का?"

"टाके आहेत." मग जरा थांबून, "अगं, डॉक्टरांनी बंद केलंय. पिणं पूर्ण, खाणंही बरंचसं. म्हटलं, वाचायला तरी बंदी नाही."

"कसले टाके?"

"ये निवांत, सांगतो. पुस्तक घेऊन ये." आणि ठेवला त्यानं फोन.

माझ्या डाव्या कोपरावर तो नकाशासंग्रह तसाच होता. नवी आवृत्ती, काकांच्यापेक्षा बरीच जाड. हाताला मुंग्या आलेल्या. मी तो परत आडवा ठेवला, वर कॉकटेल ठेवलं, त्यावर बीअर. कप्प्याच्या कोपऱ्यात ब्रिया-साव्हारँ होता, कागदी बांधणीचा, एका हातात मावणारा. चित्र एकही नाही. पडल्या पडल्या छातीवर ठेवून वाचता येईल असा.

हे पुस्तक १८२५ च्या डिसेंबरात आलं, स्वतःच्या खर्चानं छापलेलं, वर लेखकाचं नाव नसलेलं. पुढच्या फेब्रुवारीत तो गेला. हे मित्राला सांगायचं नाही, असं मी बिलाच्या रांगेत ठरवलं. प्रस्तावनेत असेल तर असो, प्रस्तावना तो कधीच वाचत नाही.

पुढे दोन माणसं होती. सवयीनं मी पुस्तक मागून उघडलं. त्याला सूचीच नव्हती.